आम्सहाऊस म्हणजे वर्कहाऊस नव्हे!

महोदय,

रविवार पुरवणीतला इंग्लंडमधल्या आम्सहाऊसवरचा, म्हणजे गरीब वृद्धांसाठी दानातून बांधलेल्या घरांवरचा, लेख वाचला. राग उतरावा म्हणून एक दिवस थांबलो. उतरला नाही.

लेखकमहाशयांनी आम्सहाऊस आणि वर्कहाऊस यांची खिचडी केली आहे. निराधारांना आसऱ्याच्या बदल्यात राबवणारी, नवरा-बायकोची ताटातूट करणारी ती वर्कहाऊस १८३४च्या गरीब-कायद्यातली. लंडनमधल्या क्रॉयडनचे आम्सहाऊस आर्चबिशप व्हिटगिफ्ट यांनी १५९६ ते १५९९ या काळात बांधले. मुलीकडे गेलो की माझा सकाळचा फेरा त्यावरूनच असतो. बाहेर ट्रामचा खडखडाट, आत विटांचा शांत चौक आणि भोवती बिऱ्हाडे, थेट आपल्या वाड्यासारखी. १९२३मध्ये रस्तारुंदीसाठी ते पाडायला निघाले होते. हाऊस ऑफ लॉर्ड्सने वाचवले.

आणि एवढ्या लांबलचक लेखात धुराड्यांवर एक ओळ नाही! चिचेस्टरचे सेंट मेरीज हे आम्सहाऊस घ्या. तेराव्या शतकातले एकच अवाढव्य दालन, दोन्ही बाजूंना खाटा, टोकाला चॅपेल. पडल्या पडल्या देव दिसावा, ही सोय. सतराव्या शतकात त्याच दालनाच्या पोटात छोटी छोटी घरे बांधली आणि त्यांच्या चुलींची विटांची धुराडी जुन्या छपरातून वर काढली. विंचेस्टरच्या सेंट क्रॉसला तर उंच धुराड्यांची रांगच उभी आहे. जाच तिथेही होता, नाही असे नाही. प्रार्थना चुकवली की कित्येक ठिकाणी दंड बसे. पण चूल ज्याची त्याला.

हे एवढे का लागले, तर गेल्या वर्षी आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, इथल्याच एका वृद्धाश्रमात ठेवावे लागले. एका हॉलमध्ये आठ खाटा, समोरच्या भिंतीवर देवाची तसबीर. म्हणजे आम्ही अजून तेराव्या शतकातच! आक्काने घरून चहाची गाळणी नेली होती. टॉवेलात गुंडाळून उशाशी ठेवायची. पण गॅसला हात लावायचा नाही, असा तिथला नियम. साडेतीनला किटलीतला गोडमिट्ट चहा येई, तो ती खिडकीतल्या तुळशीला घाली. व्यवस्थापकांना म्हटले, कोपऱ्यात एक ओटा करून द्या, खर्च मी देतो. "आजोबा, प्लॅनमध्ये बसत नाही." अहो, सार्वजनिक बांधकाम खात्यात ३१ वर्षे मी दुसरे काय केले? ओट्याला प्लॅनमध्ये दोन रेघा लागतात. त्यांना समोर बसून काढून दाखवल्या. कागद घडी करून त्यांनी खिशात घातला, तो अजून तिथेच असावा.

आक्का मार्चमध्ये गेली. गाळणी माझ्याकडे आहे.

आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी तिकडच्या इमारतींवर लिहिण्याआधी निदान छपराकडे मान वर करून पाहावे, ही विनंती.

जाता जाता : शब्दकोडे लहान केल्यापासून चौकोनात अक्षर मावत नाही. बिल्डरची जाहिरात मात्र पानभर मावते.

– एक निवृत्त आरेखक, नाशिक