दुसरं घेतोयस, तर धाकटं घे

ओहायो,
रविवार दुपार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तिशीला आलास तरी पत्रात बाळच. फोनवर नावाने हाक मारते, तेवढं पुरे.

तू पाठवलेला फोटो पाहिला. काळ्यानिळ्या पॉलिशचं, लाकडी मुठीचं, साडेसहा इंच नळीचं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर. दिसायला राजबिंडं आहे, यात वाद नाही. तुझ्या बाबांनी चष्मा वर करून विचारलं, "हे काय, नळाचा पाइप?" खाली तुझा प्रश्न होता : "आई, दुसरं हेच घेऊ का?" फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते.

नको घेऊ. पुढे कधी चौथं-पाचवं म्हणून घे, पण दुसरं म्हणून नको.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या क्लबवर आला होतास तेव्हाची गोष्ट आठव. तुझं पहिलं रिव्हॉल्व्हर, ते .३५७ मॅग्नमचं ६८६, भरायला माझ्याकडे दिलं होतंस. मी सिलिंडरच्या सहा घरांपैकी दोन घरांत मुद्दाम झाडलेल्या काडतुसांची रिकामी खोकी घातली होती. दोन गोळ्या व्यवस्थित गेल्या. तिसऱ्यांदा चाप ओढलास तेव्हा नुसतं 'टक' झालं आणि नळीचं तोंड चांगलं दोन इंच खाली गेलं. धक्का आलाच नव्हता, तरी तुझं मनगट आधीच त्याला सामोरं गेलं होतं. तू हसलास, मीही हसले. पण त्या दिवशी तुझ्या कागदावरची निम्मी भोकं काळ्या गोलाच्या खाली डावीकडे का होती, याचं उत्तर त्या 'टक'मध्ये होतं. उजव्या हाताचा माणूस दचकला की बहुतेक वेळा गोळी तिथेच जाते.

आता हे दचकणं घेऊन तू .४४कडे निघालास. छोट्या मापाच्या .२२ काडतुसाची गोळी साधारण अडीच ग्रॅमची असते, .४४ मॅग्नमची साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास. .३५७ला दचकणारा हात .४४ने बरा होत नाही. त्याला आणखी पक्की सवय लागते.

खर्चाचंही बघ. माझ्या इथल्या दुकानात .२२ची गोळी ८-१० सेंटला पडते, .३५७ची ५०च्या आसपास आणि .४४ मॅग्नमची डॉलरच्या घरात. एका सकाळी २०० गोळ्या झाडल्या तर एकीकडे २० डॉलर, दुसरीकडे २००. म्हणजे २०० तू झाडणारच नाहीस. एक डबा संपवशील, मित्राला दोन झाडायला देशील, व्हिडिओ काढशील आणि घरी येशील. मग ते तिजोरीत बसेल. मला माहीत आहे, कारण माझं बसलं होतं.

हे तुला कधी सांगितलं नाही. माझंही पहिलं .३५७च होतं. दुसरं घेताना मी दुकानात अर्धा तास हातात खेळवून एक पाव किलोच्या जरा वर... नाही, खोटं कशाला, अर्ध्या किलोच्या आतलं, दोन इंच नळीचं .३८ घेतलं. का? तर गोड दिसलं. पर्समध्ये मावतं म्हणाले, जशी काही मला ते पर्समध्ये न्यायचं होतं. अशी हलकी, आखूड रिव्हॉल्व्हरं खिशात बाळगायला बनवतात, कागदावर नेम धरायला नाही. पुढची साइट आणि मागची खाच यांच्यात अंतरच नाही, त्यामुळे हात केसभर हलला की २५ यार्डांवर गोळी वीतभर सरकते. वजन नाही, म्हणून सगळा धक्का तळव्यात. ५० गोळ्यांनंतर पोळ्या लाटता येईनात. दीड वर्षाने विकलं, तेही तोट्यात. बाबांना अजून आकडा माहीत नाही.

मग .२२ घेतलं आणि तिथून माझा नेम सुधारला.

कोणतं घेऊ म्हणशील. तुझ्याकडे स्मिथ अँड वेसनचं ६८६ आहे, तर त्यांचंच ६१७ बघ. .२२ लाँग रायफल नावाच्या काडतुसाचं, दहा घरांचं, स्टीलचं. ६८६ हे त्यांच्या 'एल' सांगाड्यावरचं आणि ६१७ 'के' सांगाड्यावरचं, पण दोन्हीची मूठ एकाच मापाची. तुझ्या ६८६वर बसवलेली मूठ काढून ६१७ला लावता येते. वजनही जवळपास तेच. सहा इंच नळीचं घेतलंस तर सव्वा किलोच्या आसपास भरतं. म्हणजे हाताला वाटतं तेच रिव्हॉल्व्हर आहे, फक्त ते ओरडत नाही. सिलिंडर उघडायचा खटका तोच, पुढे ढकलायचा. हाताची सवय तीच. ६१७वर जे शिकशील ते दुसऱ्या दिवशी ६८६वर चालतं. मला दुसऱ्या रिव्हॉल्व्हरकडून नेमकं हेच हवं असतं : पहिल्याला शहाणं करेल असं धाकटं.

रुगरचं जीपी१०० हेही .२२मध्ये, दहा घरांचं मिळतं. उत्तम आहे, दणकट आहे. पण त्याचा खटका आत दाबायचा असतो. तुझं पहिलं रुगरचं असतं तर मी तेच घे म्हटलं असतं. आणि कोल्टच्या नव्या पायथनची गोष्ट काढू नकोस. सुंदर आहे, कबूल. पण तेही .३५७च, खटका मागे ओढायचा, सिलिंडर उलट्या दिशेने फिरणारं. एका काडतुसाची दोन रिव्हॉल्व्हरं घेऊन काय करणार?

.२२ म्हणजे पोरखेळ, असं तुझ्या मनात आहे. तू ते लिहिलं नाहीस, पण मी आई आहे. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं, ते .२२वरच. इथल्या 'बुल्सआय' सामन्यात २७०० गुणांचे तीन भाग असतात, त्यातला ९०० गुणांचा एक अख्खा भाग .२२चा. २५ यार्डांवरच्या त्या कागदावर दहाचं वर्तुळ ३.३६ इंचाचं असतं, मध्यम पुरीएवढं. एका हाताने, उभ्याने, त्यात दहापैकी दहा घालून दाखव, मग पोरखेळ म्हण.

मी स्वतः शिकले तीही .२२वर. कॉलेजात एनसीसीत होते तेव्हा कॅम्पात फायरिंग असायचं. मातीवर पालथं पडून, २५ यार्डांवर, पाच गोळ्या. मोजून पाचच. उस्ताद मागून हिंदीत ओरडायचे, "ट्रिगर दबाना है, खींचना नहीं!" आणि शेवटी पाच खोकी मोजून परत द्यायची. एक हरवलं तर सगळी तुकडी गवतात गुडघ्यावर. पाच गोळ्यांसाठी वर्षभर वाट बघितलेली बाई मी. इथे पाचशेचा डबा किराण्यासारखा मिळतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आता .२२चे नखरे ऐक, म्हणजे नंतर मला दोष देणार नाहीस.

चाप जड लागेल. .२२मध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या मधोमध नसून कडेच्या गोल पट्टीत असतो. ती पट्टी चेपायला घोड्याला, म्हणजे मागच्या हातोडीला, जोरात पडावं लागतं, म्हणून आतली स्प्रिंग कडक. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा हाताने मागे न ओढता नुसत्या चापाने झाडताना, पहिले दोन आठवडे बोट भरून येईल. येऊ दे. नंतर तुझं ६८६ लोण्यासारखं वाटेल. कोणी "स्प्रिंग कापून हलकं करून देतो" म्हणाला तर हसून नको म्हण. मग काडतुसं पेटत नाहीत.

आणि पेटलं नाही तर घाई नको. नळी निशाण्याकडे तशीच धरून तीस सेकंद थांब. कधीकधी उशिरा पेटतं. आवाज पिचका आला, तर चाप पुन्हा ओढूच नकोस. गोळी नळीत अडकलेली असू शकते. रिकामं कर, नळीत बघ.

मळतंही फार. शे-दीडशे गोळ्यांनंतर घरांत मेण, शिसं आणि काजळी साचून काडतूस पूर्ण आत बसत नाही, अंगठ्याने रेटावं लागतं. रेटू नकोस. एक छोटा ब्रश खिशात ठेव, मध्येच दहाही घरांतून फिरव. तुझ्या ६८६मध्येही हे आहेच, तुझं लक्ष नाही. तू त्यात .३८ स्पेशल झाडतोस, ते .३५७पेक्षा सुमारे अष्टमांश इंच आखूड. त्यामुळे घरात पुढच्या अंगाला काजळीचं कडं धरतं आणि मग .३५७चं काडतूस घट्ट बसतं. घास एकदा नीट.

हो, .३८वरून आठवलं. काहीच घेऊ नये, हाही पर्याय आहे. तुझ्या ६८६साठी .३८ची, १४८ ग्रेन वजनाच्या गोळीची वॉडकटर काडतुसं आण. गोळीचं तोंड सपाट असतं, कागदात पंचिंग मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं, आणि धक्का अगदी सौम्य. दुसरं रिव्हॉल्व्हर न घेता दचकणं घालवायचं तर हा मार्ग आहे. पण तुला नवीन वस्तू हवीच आहे. ते मला कळतं, मलाही हवीच असते.

वापरलेलं मिळालं तर सोडू नकोस, फक्त दुकानदाराला विचारून नीट तपास. आधी रिकामं आहे ना ते स्वतः बघ, त्याने बघितलं असलं तरी. मग घोडा अगदी सावकाश, केसाकेसाने मागे घे. घोडा पुरता अडकायच्या आधी सिलिंडर 'खट्' करून जागेवर बसला पाहिजे. दहाही घरांना कर, एकाला नाही. आळशी घर नेमकं नववं असतं. घोडा मागे असताना अंगठ्याने हलका दाब दे. तो सुटून पडला तर रिव्हॉल्व्हर काचेवर ठेव आणि दुकानातून बाहेर ये. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोज. सहा हजारांश इंचाच्या आसपास असली तर छान, दहाच्या वर गेली तर मी घेणार नाही. त्याच फटीतून गरम वायू बाजूला फुटतो, म्हणून डाव्या हाताचं बोट सिलिंडरच्या पुढे कधीच नेऊ नकोस. हे तुला शंभरदा सांगितलंय, हे एकशेएकावं. आणि स्क्रूंच्या खाचा बघ. झिजलेल्या दिसल्या तर कोणीतरी घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन डॉक्टरकी केलेली आहे. .२२वर चाप कोरडा ओढू नकोस, दुकानदाराकडे नकली काडतुसं माग.

डाव्या बाजूला, खटक्याच्या वर किल्लीचं बारीक भोक दिसेल. २००१पासून स्मिथच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांत ते कुलूप येतं. आमच्या क्लबातले म्हातारे त्यावरून अर्धा अर्धा तास भांडतात. तू त्यात पडू नकोस.

माझं ६१७ मागायचा विचार असेल तर विसर. एक तर मी ते अजून रोज वापरते. दुसरं म्हणजे ओहायोतून टेक्सासला मी तुला ते हातात देऊ शकत नाही, आई असले तरी. तुझ्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडेच पाठवावं लागतं, तिथे तू फॉर्म भरायचास, तपासणी व्हायची. तुला हे जाच वाटतं. तुझ्या मामाआजोबांची बारा बोअर आठवते, रानडुकरांसाठी घेतलेली. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर पुन्हा जाऊन सोडवून आणायची. तिकडे भारतात शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं, म्हणजे दुसरं तेच शेवटचं. तिथे तू असतास तर .४४चा फोटो पाठवायच्या आधी जरा विचार केला असतास.

एक शेवटचं, आणि हे ऐच्छिक नाही. सूनबाईला सहावा लागला. ती आता तुझ्याबरोबर बंदिस्त रेंजवर येणार नाही. काडतुसाच्या मसाल्यातून आणि गोळीतून शिशाची धूळ उडते, ती पोटातल्या बाळाला वाईट. तू एकटा जा. आल्यावर बूट दाराबाहेर, कपडे थेट धुवायला, हात आणि तोंड गार पाण्याने साबण लावून, मग तिच्याजवळ. रिव्हॉल्व्हरची साफसफाई जेवणाच्या टेबलावर करतोस, ती गॅरेजमध्ये. तिजोरी आत्ताच भिंतीला पक्की कर. पोरगं रांगायला लागेपर्यंत थांबू नकोस.

डोहाळजेवणाला आम्ही येतोच आहोत. त्याआधीच्या शनिवारी दुकानात जाणार असशील तर सांग, फीलर गेज मी बॅगेत टाकते.

तुझी,
आई

ता. क. : दुकानात रुगरचं सिंगल-सिक्स दिसलं आणि मोह झाला, तर घे, मी रागावणार नाही. दर वेळी घोडा हाताने ओढायचा, एकेक काडतूस घालायचं, एकेक खोकं काढायचं. रविवार सकाळ छान जाते, फक्त डबल ॲक्शनचा सराव होत नाही. पण ते १९७३च्या आधीचं असेल तर त्यात सहा नाही, पाचच भरायची, आणि घोडा रिकाम्या घरावर. जुन्या रचनेत घोड्याला मार बसला तर गोळी सुटू शकते. कंपनी नवी सुरक्षा पट्टी फुकट बसवून देते. आधी ती बसवून घे.