नारळ उभा राहिला म्हणून पाणी लागत नसतंय

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की आमच्या सोलापूर साईडला बोअरच्या गाड्या गावोगाव फिरायला लागतात आणि गाडीच्या आधी येतो पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ घेऊन रानात फिरायचं, नारळ उभा राहिला की तिथं दगड ठेवून खूण करायची, हळद-कुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी मशीन लावायची. शिकलेली पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढत मागं फिरतात, पण नारळ उभा का राहिला हे कोणी विचारत नाही, विचारलं तर "तुला लई कळतंय का" म्हणून गप्प बसवतात. आमच्या भावकीत एकानं बायकोचे दागिने गहाण ठेवून बोअर मारला, नुसती पांढरी धूळ उडाली, आणि पाणाड्या म्हणाला नशिबात नव्हतं!

आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. पाणी असतंय ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. पाऊस बरा झालेल्या वर्षी बऱ्याच ठिकाणी थोडंफार लागतंच, मग क्रेडिट नारळाला आणि फेल गेलेले बोअर कोणी मोजत नाही. पाणाडी मुद्दाम फसवतात असं मी म्हणत नाही, हात नकळत हलतो आणि त्यांना स्वतःलाही ते कळत नाही. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये निवडक 43 पाणाड्यांची टेस्ट झाली, खाली पाण्याचा पाईप सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून त्यांनी जागा सांगायची, अशा 843 वेळा. नंतर ते आकडे नीट तपासले तर नुसता अंदाज ठोकल्यासारखाच निकाल होता.

आपल्याला एवढं पण नको, त्याचे डोळे बांधून त्याच रानात परत फिरवा, नारळ त्याच जागी उभा राहतोय का बघा, फुकटात होतंय. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, जमिनीत करंट सोडून खडकाचा अंदाज घेणारे भूवैज्ञानिक आहेत. चुकतात तेपण, पण कशामुळं चुकलं ते तपासता येतं, नशिबावर ढकलत नाहीत.

आणि साहेब, एक विनंती. पाणी लागलेल्या बोअरचा फोटो पेपरात येतो तशी कोरड्या बोअरची पण बातमी छापा, जागा कशी ठरवली, किती फूट मारला, खर्च किती झाला, सगळं.

– एक शेतकरी वाचक, मोहोळ, जि. सोलापूर