आधी त्याचा नंबर अनब्लॉक कर

इचलकरंजी

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज चढला होता, म्हणून मी फार बोललो नाही. लिहिलेलं तू शांतपणे वाचतोस, म्हणून हे पत्र. पण वाचण्याआधी एक काम कर. तुझं जुनं वॉशिंग मशीन घेतलेल्या त्या माणसाचा नंबर ब्लॉक केला आहेस, तो ब्लॉक काढ. ब्लॉक केलेला माणूस गप्प बसत नाही, तो घराच्या दारात येतो. पत्ता त्याच्याकडे आहेच, मशीन तिथूनच नेलंय त्यानं.

तुझं म्हणणं मी असं समजलो: नवराबायको घरी येऊन वॉशिंग मशीन बघून गेले, घासाघीस करून साडेनऊ हजारांना नेलं, आणि आठवड्यानं म्हणतात की आवाज येतो, पैसे परत करा, नाहीतर पोलिसांत जातो. तुझं उत्तर काय, तर "जुनी वस्तू आहे, विकली, विषय संपला." यातलं अर्धं बरोबर आहे. कुठलं अर्धं, ते आवाज कसला आहे यावर ठरतं, आणि नेमकं तेच तू त्यांना विचारलेलं नाहीस.

"आवाज येतो" यातून मिस्त्रीला काही कळत नाही. मशीन नाचतंय की घरघरतंय? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

नाचत असेल, म्हणजे पिळताना जागचं हलत असेल, दणके देत असेल, तर आधी खालचे पाय बघायचे. चारही पाय फरशीला टेकले नाहीत तर नवंकोरं मशीनही बाथरूमभर फिरतं. पाय टेकूनही दणके बसत असतील तर टेम्पोतल्या प्रवासाचा संशय घ्यायचा. पुढून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम वर स्प्रिंगांना टांगलेला आणि खाली शॉक अॅब्सॉर्बरवर टेकलेला असतो. नवीन मशीन येतं तेव्हा तो हलू नये म्हणून मागून लांब बोल्ट मारलेले असतात. बसवायला आलेला कंपनीचा माणूस ते काढून आपल्या हातात देतो आणि सांगतो की घर बदलताना परत लावा. कुणी लावत नाही. तुझे बोल्ट आईनं कुठल्याशा डब्यात टाकले होते, ते विकताना तू दिलेच नसशील. बोल्टाशिवाय, त्यातून आडवं घालून नेलं असेल, तर ड्रम आत आपटत गेला असणार. टेम्पो त्यांनी केला, हमाल त्यांचे. हे नुकसान तुझ्या दारातून मशीन गेल्यावरचं आहे. बोल्टांचं सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, पण त्यासाठी साडेनऊ हजार परत द्यायचं कारण नाही.

घरघरत असेल तर गोष्ट वेगळी. पिळायचा वेग वाढेल तसा आवाज वाढत जातो आणि शेवटी विमान उडाल्यासारखं होतं. ते बेअरिंग, ड्रम ज्यावर फिरतो ते. खात्री करायला मिस्त्रीसुद्धा लागत नाही. प्लग काढायचा, दार उघडायचं, आतल्या ड्रमची वरची कड धरून वर उचलायची. खटखट लागली, ड्रम खालीवर हलला, की बेअरिंग गेलं. हातानं सावकाश फिरवला तर आत वाळू असल्यासारखा खरखरतो. मागचं झाकण काढून तपकिरी ओघळ दिसले तर आधी बेअरिंगकडे जाणारं पाणी अडवणारं सील गेलं, पाणी आत शिरलं आणि गंज चढला. हे आठवड्यात होत नाही. महिनोन्‌महिने चाललेलं असतं.

आणि दिवाळीत मी तुझ्याकडे होतो, ओंकार. कपडे पिळायला लागले की हॉलमधला टीव्ही ऐकू येत नव्हता. मी म्हटलं होतं, बेअरिंग बोलतंय. तू म्हणालास, "चालतंय की, बाबा." आता तुझी जाहिरात पुन्हा उघडून बघ. मी आईच्या फोनवर बघितली. "उत्तम स्थिती, काहीही प्रॉब्लेम नाही, फक्त न्या आणि वापरा." फोटो सुरेख आलेत.

दुकानात पाटी असते ना, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही"? तू तिचाच आधार घेतोयस. गंमत अशी की दुकानदाराला ती पाटी हल्ली फारशी उपयोगाची नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. पण तो व्यापाऱ्याचा प्रश्न. तू घरातली एक वस्तू विकलीस, तो तुझा धंदा नाही, तेव्हा ग्राहक आयोगाच्या धमकीनं घाबरू नकोस. (तुझा तो मित्र सोसायट्यांमधून जुनी मशीन उचलून महिन्याला चार-पाच विकतो, त्यानं मात्र हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये.)

खाजगी विक्रीला लागू पडतात ते जुने कायदे. १९३० चा मालविक्री कायदा म्हणतो की वस्तूच्या दर्जाची हमी आपोआप लागत नाही. ती मुख्यतः तोच माल विकायचा धंदा करणाऱ्यावर असते. "आहे तसं, आहे तिथे" असं ठरवून विकायलाही मोकळीक आहे. इथवर तुझी बाजू. पण त्याच कायद्याचं १५ वं कलम आहे, की वर्णन करून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. ते धंदेवाल्यालाही आहे आणि तुलाही. तुझं वर्णन काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

दुसरा कायदा १८७२ चा, कराराचा. जुन्या मोटारींच्या एका व्यवहारात वकीलसाहेबांनी मला त्याचं १७ वं कलम वाचून दाखवलं होतं. फसवणूक कशाला म्हणायचं हे सांगताना त्यात घोड्याचं उदाहरण दिलंय. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढे तेच उदाहरण जरा फिरवलंय: घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर खोड सांगणं त्याचं कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला की "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं धरतो", आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. म्हणजे परक्याला प्रत्येक खोड सांगत बसायची सक्ती कायद्यानं घातलेली नाही. गप्प राहिला असतास तर मी आज तुझ्या बाजूनं बोललो असतो, निदान कायद्यापुरता. पण तू गप्प राहिला नाहीस. "काहीही प्रॉब्लेम नाही" असं लिहिलंस.

तू म्हणशील, त्यांनी बघून नेलं. काय बघितलं? प्लग लावून दिवे लागलेले बघितले. आपल्या गावात कापड विणायचा जुना माग घ्यायला येणारा माणूस चालू मागाशेजारी उभा राहून कान देऊन ऐकतो, मग आकडा बोलतो. तुझ्या गिऱ्हाइकांना पाणी सोडून, कपडे घालून, पिळून दाखवलंस का? नसशील दाखवलंस. घेणाऱ्याला नेहमीच्या सावधगिरीनं जे कळलं असतं त्याची तक्रार त्यानं नंतर करू नये, असंही कायदा म्हणतो. पण दोष माहीत असून खोटं सांगणाऱ्यासाठी ती पळवाट नाही.

म्हणून आज संध्याकाळी त्यांना एवढंच लिही: "नमस्कार. तुमचा मेसेज मिळाला, उत्तराला उशीर झाला. मशीन रिकामं ठेवून पिळायच्या सेटिंगवर चालवा आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. मागच्या स्टिकरचा, सिरीयल नंबर दिसेल असा फोटोही पाठवा. रविवारी मी मिस्त्री घेऊन येतो, त्याची फी मी देईन. काय निघतंय ते बघून ठरवू." बस. माफी नको, वाद नको, "कायद्यानं माझी जबाबदारी नाही" हेही नको. रात्री अकरानंतर काही लिहू नकोस. व्हॉट्सअॅपवरचं प्रत्येक वाक्य उद्या कुणालाही दाखवता येतं. सिरीयल नंबर मागतोय तो तुझ्या जुन्या बिलाशी ताडून बघ. मशीन परत घ्यायची वेळ आली तर आपलंच परत यायला हवं.

बेअरिंग निघालं तर दोन रस्ते आहेत, निवड त्यांना करू दे. एक, दुरुस्तीचा खर्च तू द्यायचा आणि मशीन त्यांच्याकडेच राहील. बेअरिंगची जोडी, सील आणि मजुरी धरून माझ्या अंदाजानं दोन-तीन हजारांत बसेल. मात्र काही मॉडेलांचा टब, म्हणजे ड्रमभोवतीची टाकी, कारखान्यातच चिकटवून बंद केलेला असतो, तो उघडत नाही, अख्खा बदलावा लागतो. तसं असेल तर या रस्त्यात अर्थ नाही. दुसरा, मशीन परत, पैसे परत, आणि टेम्पोचं भाडंही तुझ्याकडून. भाड्यावरून तू कुरकुर करशील, तरी दे. पैसे परत आणि मशीनही त्यांच्याकडेच, असं मात्र कबूल करू नकोस, कितीही ओरडले तरी.

नुसते पाय टेकलेले नसतील तर मिस्त्री जागच्या जागी ठीक करील, चहा घेऊन या. प्रवासातलं नुकसान असेल तर नम्रपणे नाही म्हण आणि कारण दाखव. आणि व्हिडिओ पाठवायलाच तयार नसतील, मिस्त्री नको, फक्त पैसे टाका म्हणत असतील, तर समज की मशीन त्यांच्या बाथरूममध्ये मावलं नाही किंवा त्यांना दुसरं स्वस्तात मिळालं. मन बदललं म्हणून पैसे परत करायला तू बांधलेला नाहीस.

पोलिसांचं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पूर्वीचं ४२०. त्यासाठी सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. ज्यानं उत्तर दिलं, मिस्त्री नेला, खर्च देऊ केला, त्याच्याबद्दल हे दाखवणं अवघड. नंबर ब्लॉक करून बसलेल्याबद्दल सोपं.

पैसे परत करायची वेळ आली तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पाठव. "भावाच्या नंबरवर टाका" म्हणाले तरी नाही. नाहीतर मूळ खातेदार उद्या म्हणेल, मला मिळालेच नाहीत. त्यांनी क्यूआर किंवा लिंक पाठवली तर हात लावू नकोस. खात्यात पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. चुकून काही गेलं तर लगेच १९३० ला फोन लाव, सायबर फसवणुकीचा नंबर तोच. (मालविक्रीचा कायदाही १९३० चाच, त्यामुळे माझ्या तरी लक्षात राहतो.) मिटल्यावर कागदावर दोन ओळी लिहून दोघांनी सही करा: अमुक रक्कम मिळाली, या मशीनबाबत आता काही मागणं नाही. तारीख घाला.

मशीन परत आलं तर भंगारात देऊ नकोस. बेअरिंग मी इथून आणतो, बाजारात ओळखीचं दुकान आहे. सील मात्र मॉडेल बघितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा स्टिकरचा फोटो आला की मलाही पाठव. नीट करून पुन्हा विकायला काढशील तेव्हा जाहिरातीत लिही: बेअरिंग नवीन टाकलंय, दाराच्या रबराला खालच्या बाजूला काळे डाग आहेत, वाहतुकीचे बोल्ट सोबत देऊ. आईला तो डबा शोधायला सांगितलाय.

तुझा,
बाबा