९० च्या लयीत १६ फ्रेम

मालवण

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या फिल्मची मारामारी देवगडच्या धक्क्यावर शूट करायचं पक्कं केलंस आणि नायक म्हणून तो रॅप करणारा पोरगा घेतलास, हे वाचून फार बरं वाटलं. निवड योग्य आहे. फक्त फाइट बसवण्याआधी २००५ चा हॉलिवूडचा मारधाडपट ‘ट्रिपल एक्स : स्टेट ऑफ द युनियन’ शेवटपर्यंत बघ. नायक आइस क्यूब, तोही रॅप करणाराच. पिक्चर साफ फसलेला आहे, पण तुझ्या कामाचा आहे, कारण तुझ्या हातून जी चूक होऊ शकते तीच तिथे प्रचंड पैसा ओतून झाली आहे.

२००२ चा पहिला भाग विन डिझेलचा. त्याने जगभरात सुमारे २७ कोटी ७० लाख डॉलर मिळवले. दुसरा ७ कोटींच्या आसपास थांबला आणि खर्चही भरून निघाला नाही. २०१७ च्या तिसऱ्या भागात, म्हणजे दीपिका होती त्यात, डिझेलला परत आणलं आणि क्यूबच्या वाट्याला थोडासा प्रवेश ठेवला. लोक दोष क्यूबवर टाकतात, ते मला पटत नाही. त्याचाच १९९१ चा ‘बॉइज एन द हूड’ आठव. शेवटी तो घराबाहेर येऊन बसतो, भाऊ गेलाय, हातात बाटली आहे. हळू आवाजात बोलतो, उरलेली दारू जमिनीवर ओततो आणि चालायला लागतो. एवढंच. तरी नजर हलत नाही, कारण शब्द कुठे सोडायचा आणि श्वास कुठे घ्यायचा हे रॅप करणाऱ्याच्या अंगात मुरलेलं असतं.

‘स्टेट ऑफ द युनियन’मध्ये त्याला वाहनांत कोंबलाय. विमानवाहू जहाजावर रणगाडा, मग मोटार, मग बुलेट ट्रेन. तोंडी काय, तर एकेक ओळीचे टोमणे. संरक्षणमंत्री राष्ट्राध्यक्षाविरुद्ध कट करतो, त्या भूमिकेत विलेम डॅफोसारखा नट आहे, आणि त्याला नि क्यूबला समोरासमोर बसवून पाच मिनिटं बोलू देत नाहीत. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

टायर गेलेली मोटार रुळांवरून ट्रेनमागे धावते तो भाग नीट बघ. कल्पना झकास आहे. पण लोखंडावर लोखंड घासताना गाडी थरथरायला हवी, चालवणाऱ्याचे खांदे हादरायला हवेत. तसं काही वाटत नाही, गाडीला वजनच नाही. दिग्दर्शक ली तामाहोरी. २००२ च्या ‘डाय अनदर डे’ या बाँडपटातली कॉम्प्युटरवर बनवलेली समुद्राची लाटही त्याचीच. समुद्रकाठच्या माणसाला ती लाट खोटी आहे हे सांगावं लागत नाही. आणि याच माणसाच्या १९९४ च्या ‘वन्स वेअर वॉरियर्स’मधली गुत्त्यातली मारामारी अंगावर येते.

आता तुझं. पोराच्या बीटवरच फाइट बसव. ९० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा, एक मात्रा पाऊण सेकंदाहून थोडी कमी, सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात बरोबर १६ फ्रेम. ८० च्या लयीत १८. १०० घेऊ नकोस, तिथे १४.४ येतात आणि एडिटला डोकं खातात. चार मात्रांची ओळ धर : पहिलीवर पाऊल, दुसरीवर हात उगारणं, तिसरीवर फटका, चौथी रिकामी. ती रिकामी मात्रा कापू नकोस, मार लागल्याचं तिथेच कळतं. सेटवर स्पीकरवर बीट चालू ठेव, आवाज नंतर वेगळा भरायचाच आहे. दशावतारात राजा आणि राक्षस मृदंगावर लढतात, तलवार तलवारीला लागो न लागो, झांज वाजली की आपल्याला ती लागते. तेच हे.

मूठ तोंडापासून एक वीत लांबून जाऊ दे. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे, लेन्स ८५ मिमीची, म्हणजे मधली फट दिसत नाही. बाजूने २४ च्या लेन्सने घेतलंस तर फट उघडी पडते. मूठ ज्या दिशेने जाते त्याच दिशेने मार खाणाऱ्याची मान फिरायला हवी, आणि फिरायला उशीर झाला की सगळं फुकट. कट फटक्यावर मारू नकोस. हात उगारला की मार, म्हणजे पूर्ण फटका नव्या शॉटमध्ये येतो. दोन शॉटच्या सांध्यावर दोन-तीन फ्रेम हालचाल पुन्हा येऊ दे, नाहीतर डोळ्याला उडी वाटते. शटर १/५० सेकंदावर ठेव. १/२०० केलंस तर हालचाल तुटक दिसते.

धक्क्याचं सांगतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. काल चार वाजता पाणी पायरीला होतं म्हणून आज चारला तिथे मिळणार नाही, आणि पाण्यासाठी थांबलास तर ऊन जुळत नाही. म्हणून पाणी दिसणारे सगळे वाइड, म्हणजे लांबून घेतलेले शॉट, पहिल्याच दिवशी उरक. क्लोजअप दुसऱ्या दिवशी जांभ्याच्या भिंतीला पाठ लावून घे. जांभा कातडी सोलतो, तेव्हा कोपर आणि गुडघ्यांना शर्टाच्या आतून पट्ट्या बांध. पडायच्या जागी गादी हवीच, ती फ्रेमच्या खाली लपते. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे फाइट नकोच. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर बारीक थर बसतो. आधी ब्लोअरने उडव, मग ओलसर कापडाने पूस. कोरडं पुसलंस तर चरे पडतील.

आणि एक शॉट माझ्यासाठी ठेव. मारामारी संपल्यावर पोराला धक्क्याच्या कडेला बसव, कॅमेरा हलवू नकोस, त्याचं बोलणं एका टेकमध्ये घे. संवाद तूच लिहू नकोस, त्यालाच लिहू दे, मालवणीत.

काकींना नमस्कार. रफ कट झाला की पाठव, आधी आवाज बंद करून बघेन.

तुझा,
प्रसाद