आई-बाबा, रविवारी रिक्षा येईल

पुणे
रविवार, 8 जून 2025

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या गोड नावात तुम्हा दोघांना सलाम. त्याच्या कृपेनं आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत. आज पेंटेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरला त्याचा सण. उपासनेहून येऊन जेवणं आटोपली, मुलं झोपली आणि मी लिहायला बसले. फोनवर रोज बोलणं होतं, पण गुडघ्याचं विचारलं की आई "बरा आहे" म्हणून फोन बाबांकडे देते आणि बाबा पावसावर बोलायला लागतात. काही गोष्टी निवांत सांगायच्या आहेत, म्हणून पत्र.

पावसाचंच आधी सांगते. एप्रिलभर ऊन नुसतं भाजून काढत होतं, पारा चाळिशीच्या पुढे. सकाळच्या उपासनेतही पंख्याखालच्या बाकांवर दाटी आणि खिडकीकडचे बाक मोकळे. मे उजाडला तो वळीव घेऊन, आणि 26 मेला तर मॉन्सून पुण्यात आल्याचं जाहीरही झालं. चर्चची कौलं परतायचं काम मेच्या शेवटच्या आठवड्यात धरलं होतं. अर्धी कौलं खाली उतरवलेली आणि वर धो-धो पाऊस! तरुण संघाच्या मुलांनी रात्री ताडपत्र्या आणून बांधल्या. पेटी आणि तबला पाळकसाहेबांच्या घरी हलवला. बाक भिजले, पण सागवानी आहेत, वाळतील. गवंडी आता उघडीप मिळेल तसं काम करतोय. आज उपदेश चालू असताना एका कोपऱ्यात बादलीत टपटप चालली होती, पण कुणाचं लक्ष हललं नाही.

महिला मंडळाच्या कुरडया मात्र पावसाच्या आधीच झाल्या, हे ऐकून आईला बरं वाटेल. दरवर्षी गरजूंच्या फंडासाठी करतो तशाच. गहू तीन दिवस भिजत घातले, पाणी रोज बदललं, मग वाटून, गाळून, चीक बसायला ठेवला. पहाटे पाचला चर्चच्या मागच्या पडवीत मोठं पातेलं चढलं. चीक शिजताना गुठळी होऊ नये म्हणून दोघीदोघींनी आलटून पालटून घाटा मारायचा. तुझी पद्धत मी सगळ्यांना सांगितली, की वरचं पाणी पूर्ण निथळल्याशिवाय चीक चुलीवर चढवायचाच नाही. यंदा कुरडया अशा पांढऱ्याशुभ्र झाल्या की तळल्यावर ताटभर फुलतात. ज्या तरुण मुलींनी आयुष्यात सोऱ्या हातात धरला नव्हता त्याही गच्चीवर प्लास्टिक अंथरून घालत बसल्या होत्या. सगळा माल दोन रविवारांत संपला. तुमच्यासाठी एक डबा बाजूला काढून ठेवलाय.

मुलांची सुट्टीतली बायबल शाळा मेच्या पहिल्या आठवड्यात झाली. सकाळी आठ ते अकरा, शेवटी सरबत आणि बिस्किटं. वानवडी, कोंढवा, पार खराडीहून मुलं आली. रोज एक गोष्ट ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातली सांगायची असं ठरलं होतं, तेव्हा मी नारायण शेषाद्रींची घेतली. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण, 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतो आणि पुढे जालन्याजवळ बेथेल वसवतो, हे सांगताना माझा गळा भरून आला. मुलांना त्यांच्या मोठेपणाचं कौतुक होतंच, पण त्यांचे प्रश्न वेगळे होते. गावात विहीर कुणी खोदली? घरातून हाकलल्यावर ते जेवले कुठे? एक मुलगी म्हणाली, "तुम्ही ते गाव बघितलंय?" मी म्हटलं, माझे आई-बाबा तिथून जवळच राहतात. त्या वर्गात तुमचा भाव एकदम वधारला! दिवाळीच्या सुट्टीत या मुलांना तिकडे आणावं असं पाळकसाहेबांच्याही मनात आहे.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत की ईशान्येकडची मुलं अजून येतात का. येतात, आणि यंदा जास्त येतात. काही बिबवेवाडीच्या सेमिनरीत, म्हणजे बायबलचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात, शिकतात. तीच सेमिनरी, जी 1983 मध्ये यवतमाळहून इकडे हलली. बाकीची कॉल सेंटरमध्ये, हॉटेलांत नोकरी करतात. मिझोरमची मुलं पक्की प्रेस्बिटेरियन. आपल्याकडे मिशनरी स्कॉटलंडहून आले, त्यांच्याकडे वेल्सहून. त्यामुळे एल्डर म्हणजे मंडळीचे वडील, सेशन म्हणजे त्यांची सभा आणि त्यावरची मोठी सभा सिनॉड, हे सगळं त्यांच्या घरचंच. उन्हाळ्यात तिकिटं परवडत नाहीत म्हणून बरीच जण गावी गेली नाहीत, आणि बायबल शाळेचा निम्मा भार त्यांनी उचलला. मराठी गाणी देवनागरीतून वाचता येत नाहीत तर रोमन अक्षरांत लिहून घेऊन पाठ केली. चार सुरांत म्हणायला लागली की आपलीच गाणी नव्यानं ऐकतोय असं वाटतं.

त्यांच्यातल्या एका मुलीनं महिला मंडळाला त्यांच्याकडची एक रीत सांगितली. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी भात शिजवायला घेतलेल्या तांदळातून एक मूठ वेगळ्या डब्यात काढायची. तो तांदूळ मंडळीचा. गावोगावच्या बायकांच्या या मुठीवर तिकडे मंडळीची केवढी कामं चालतात, हे ती सांगत होती आणि आमच्या म्हाताऱ्या मावश्या मान डोलावत होत्या, कारण त्यांच्या सासवा ज्वारीची मूठ काढायच्या. पेंटेकॉस्टपासून आम्हीही सुरू करायचं ठरवलं. आज पहिल्यांदा दानार्पणाच्या वेळी पिशव्या पुढे आल्या. कुणाचा कोलम, कुणाचा इंद्रायणी, सगळा एका पिंपात. तो दर महिन्याला कुठल्या घरी जायचा ते मदतीचं काम बघणारे डीकन ठरवतील आणि नाव कुठेही पुकारलं जाणार नाही.

बाकीच्या बातम्या पटापट. मेमध्ये चर्चमध्ये दोन लग्नं झाली, एकात वरात निघायला आणि पाऊस यायला एकच गाठ. दहावीचा निकाल यंदा 13 मेलाच लागला, आपल्या मंडळीची सगळी मुलं पास. खडकीच्या काकांची बायपास चांगली पार पडली. तुमच्या ओळखीच्या शिवणकाम शिकवणाऱ्या बाई गेल्या महिन्यात प्रभूमध्ये निजल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. दफनविधीला त्यांच्या विद्यार्थिनी इतक्या आल्या की कबरस्तानात उभं राहायला जागा नव्हती. आई, त्यांच्या मुलीला तू दोन ओळी लिही, तिला तुझी आठवण आहे.

आणि पालखी. 22 तारखेला रविवार आहे आणि त्याच सकाळी दोन्ही पालख्या पुण्याचा मुक्काम हलवून पुलगेटवरून हडपसरकडे निघतील. रस्ते बंद असणार, म्हणून उपासना लवकर करून फाटकापाशी वारकऱ्यांना चहा-पोहे द्यायचे आहेत. पायाला फोड आलेल्यांसाठी मंडळीतल्या नर्स मलमपट्टी घेऊन बसतील. एकदोघांनी सभेत विचारलं, आपण का? त्यावर आमच्या सगळ्यात जुन्या एल्डरांनी उत्तर दिलं की दारावरून माणसं पायी चाललीत आणि आपल्याकडे पाणी आहे. मग कुणीच काही बोललं नाही.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी, झालं की संध्याकाळी पाळकसाहेब आणि एक एल्डर, ज्यांना चर्चला येणं जमत नाही त्यांच्या घरी जातात. या उन्हाळ्यात मीही त्यांच्याबरोबर जाते, गाडी चालवायला आणि गाणं धरायला. घोरपडीला एक आजी राहतात. मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या, आता एकट्या, चौथा मजला, लिफ्ट नाही. बरीच वर्षं त्या कुणाला येऊच देत नव्हत्या. "माझ्या एकटीसाठी एवढे जिने कशाला चढता?" म्हणायच्या. ईस्टरनंतर कशाबशा तयार झाल्या.

1 जूनला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती आणि टीपॉयवर क्रोशाचा रुमाल अंथरला होता. पाळकसाहेबांनी स्टीलची छोटी डबी उघडली. त्यात सकाळच्याच भाकरीचा तुकडा आणि काळ्या मनुकांच्या रसाची बाटली. आजींचा हात फार थरथरतो. एल्डरांनी प्याला त्यांच्या हातातच दिला, आपण धरला नाही, फक्त खाली आपला तळहात धरून बसले. त्यांना वेळ लागला. आम्ही थांबलो. एक थेंब सांडला तो त्यांनी स्वतःच रुमालाने टिपला.

मग आजी म्हणाल्या, आता मी प्रार्थना करते. उशाशी एक वही आहे, तिच्यात मंडळीतल्या घरांची नावं. रोज एक पान. आमच्या पानावर माझं नाव, मुलांची नावं आणि खाली "जालन्याचे आई-वडील" असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुठल्या घरी परीक्षा आहे, कुणाची नोकरी गेलीय, कुठलं कुटुंब दोन महिने दिसलं नाही, हे सगळं त्यांना ठाऊक! त्या दिवशी त्यांनीच पाळकसाहेबांना सांगितलं की अमुक घरी जा, तिथे बरं नाही. पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी गेले आणि खरंच गरज होती.

येताना गाडीत पाळकसाहेबांनी सांगितलं की जुन्या काळी स्कॉटलंडमधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी एल्डर आपापल्या वाट्याच्या घरी जाऊन येत. मग मंडळीतल्यांना धातूचं छोटं टोकन मिळायचं, आणि ते देऊन मेजाशी बसायचं. म्हणजे मेजाची वाट माणसाच्या घरातून जायची. ऐकताना मला बाबा दिसत होते. सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून, पाळकांच्या मागोमाग, नव्या जालन्यातून कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यात. किती वेळा गेला असाल तुम्ही असे! एखादी म्हातारी "कशाला आलात एवढ्या उन्हात" म्हणाली की तुम्ही घरी येऊन आईला सांगायचात, "नको नको म्हणते, पण खुलली बघ." 1970 मध्ये 29 नोव्हेंबरला नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन आपली उत्तर भारतीय मंडळी झाली, तेव्हा तुम्ही आजोबांबरोबर रेल्वेनं गेला होतात. मंडळी म्हणजे काय हे मी तुमच्याच तोंडून शिकले.

म्हणून मनापासून लिहिते. ईस्टरनंतर तुम्ही दोघं चर्चला गेला नाहीत, हे तिथल्या पाळकबाईंनी मला सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं, त्यांच्यावर रागावू नका. एका मुलानं रिक्षा आणतो म्हटलं तर "नको, कुणाला त्रास नको" म्हणून त्याला परत पाठवलंत. तिथले पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी येतो म्हणाले, तर बाबा म्हणाले, "आम्ही अजून तेवढे म्हातारे नाही झालो." बाबा, तुम्ही ज्यांच्या घरी गेलात ते काही सगळे म्हातारे नव्हते. बाळंतीण होती, पाय मोडलेला हमाल होता. त्यांनी दार उघडलं म्हणून तुम्हाला आत जाता आलं. आता तुम्ही दार उघडा. आणि आई, तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी डबे पोचवलेस, आता कुणी तुझ्या घरी आणला तर घे. रिकामा डबा परत देताना त्यात काही घालायची तुला सवय आहे, तीही मोडू नकोस, लिंबाचं लोणचं घाल.

मी तिथल्या पाळकसाहेबांशी बोलले आहे. पुढच्या रविवारी, 15 तारखेला, सव्वाआठला रिक्षा दारात येईल. तोच मुलगा आहे. भाड्याचं विचारू नका, त्यानं मला घेणार नाही म्हणून सांगितलंय, त्याचं मन मोडू नका. रिक्षा चर्चच्या बाजूच्या दरवाजापर्यंत येते, तिथे एकच पायरी आहे. आईनं काठी घ्यावी. गुडघ्याचा पट्टा घरीच बांधावा, तिथे जाऊन बांधते म्हणून राहू नये. पाय फारच दुखला तर बाबांनी एकट्यानं जाऊ नये, त्याच मुलाला सांगावं, म्हणजे संध्याकाळी प्रभुभोजनाची डबी घरी येईल.

मुलांच्या शाळा 16 तारखेला सुरू होतात. जुलैच्या पहिल्या शनिवार-रविवारी मी कुरडयांचा डबा घेऊन येते, तेव्हा आईला हाडांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. नंबर लावून ठेवलाय. जुने एक्स-रे कपाटातून काढून ठेवा, बाबा.

रविवारी चर्चहून आलात की फोन करा. उपदेश कशावर झाला ते बाबांनी सांगायचं आणि कोण कोण भेटलं ते आईनं.

तुमची लेक