तंगूस तुम्ही तुमचा कापलात

हिरव्या लोकरी टोपीवाल्या काकांना,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. पहिल्याच दिवशी तुम्ही ते सांगितलं होतं, पण काउलिट्झ नदीच्या पाण्याच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. नंतर पाच-सहा शनिवार शेजारी उभं राहून झाल्यावर 'तुमचं नाव काय हो?' असं विचारायची लाज वाटायला लागली. तुम्हीही माझं नाव दोनदा विचारलंत, दोन्ही वेळा भलतंच उच्चारलंत आणि शेवटी 'यंग मॅन'वर येऊन थांबलात. मी बेचाळीस वर्षांचा आहे. पण या वयात कोणी यंग म्हणत असेल तर आपण कशाला दुरुस्त करा!

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्ही ते वाचणार नाही. इंग्रजीत दोनदा लिहायला बसलो होतो, दोन्ही वेळा ऑफिसच्या ईमेलसारखं झालं. 'थँक यू सो मच' मी दिवसातून वीस वेळा लिहितो, माझंच काम उलट माझ्याकडे ढकलणाऱ्यालासुद्धा. तेच शब्द तुम्हाला वापरवेनात. निदान चार मराठी माणसांना तरी कळू दे की वॉशिंग्टन राज्यात, ब्लू क्रीक ओढ्याच्या मुखापाशी, असा एक म्हातारा माणूस भेटतो.

मी मूळचा चिपळूणजवळचा. आमच्या घरामागून वाशिष्ठी जाते. लहानपणी वडिलांबरोबर गरवायला जायचो. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, गरी आणि डब्यात गांडुळं, एवढाच सरंजाम. आमच्या नदीला कोयनेचं अवजल येतं. वीज करून झालेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरतं आणि वाशिष्ठीला मिळतं. त्यामुळे पाऊस नसतानाही पाणी चढायचं नि उतरायचं, आणि वर कोणीतरी बटण दाबलंय हे आम्हा पोरांना ठाऊक असायचं. तुमची काउलिट्झही तशीच निघाली. माउंट रेनियरच्या बर्फातून ती येते, पण खाली किती पाणी सोडायचं ते टॅकोमा शहराची वीज कंपनी ठरवते. 1963 साली मेफिल्डचं धरण झालं, 1968 साली मॉसीरॉकचं, आणि माशांच्या वरच्या वाटा बंद झाल्या. त्याची भरपाई म्हणून खाली हॅचऱ्या बांधल्या. तिथे वाढवून सोडलेली पिल्लं समुद्रात जातात आणि मोठी होऊन पाण्याचा वास घेत परत त्याच ओढ्याच्या तोंडाशी येतात. म्हणून तिथे एवढी माणसं रांगेने उभी.

सॅमन म्हणजे काय हे मला कोणी समजावायची गरज पडली नाही. पहिल्या पावसात आमच्याकडे शेतातल्या पऱ्ह्यांतून मासे वर चढतात, त्यांना आम्ही चढणीचे मासे म्हणतो. हा तसाच चढणीचा मासा, फक्त पॅसिफिकमधून आलेला. सॅमन अंडी घालून मरतो. स्टीलहेड मात्र नशिबाने साथ दिली तर पुन्हा समुद्रात जातो आणि पुन्हा येतो. जातीने तो रेनबो ट्राउटच, पण समुद्र बघून आलेला. मुंबईला चार वर्षं राहून आलेला पोरगा शिमग्याला गावात उतरल्यावर ओळखू येत नाही, तसा.

तर मला वाटलं, हे आपल्याला जमणार. कोकणातला माणूस आणि मासा पकडायला शिकायचा?

पुढचं दीड वर्ष काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुकानदाराने मला समुद्रात बोटीवरून वापरायचा रॉड विकला, लाठीसारखा ताठ, आणि त्यासोबत तीन डबे भरून रंगीबेरंगी सामान. कोणत्या नदीवर जाणार, काठावरून की बोटीतून, यातला एकही प्रश्न त्याने विचारला नाही. मग एक गाइड केला. महिन्याच्या किराण्याएवढे पैसे घेतले त्याने. दिवसभर स्वतःच फेकत होता, अधूनमधून रॉड माझ्या हातात द्यायचा आणि फोनवर बोलायचा. संध्याकाळी म्हणाला, आज नदीच बरोबर नव्हती. ऑफिसातला एक सहकारी दोन वर्षं 'पुढच्या वीकेंडला नक्की' म्हणत होता, अजूनही म्हणतो. व्हिडिओ तर विचारूच नका, त्यात प्रत्येकाला तिसऱ्या मिनिटाला मासा लागतो. आणि मंडळातले आमचे मित्र: 'अरे, कॉस्टकोत मिळतो की सॅमन, काटे काढलेला!'

कोहो जातीच्या सॅमनचा एक अख्खा हंगाम गेला. ऑक्टोबर, नोव्हेंबर, प्रत्येक शनिवारी पहाटे चारला उठून रेडमंडहून दोन-सव्वादोन तास गाडी हाकायची. दिवसभर तळाच्या दगडांना गऱ्या अर्पण करायच्या आणि भिजून परत यायचं. सॅमन डोळ्यांसमोर उड्या मारायचे. बायकोने विचारणं बंद केलं होतं. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटण्याइतकं ते वाईट होतं.

मग मार्चमधला तो शनिवार. ब्लू क्रीकच्या खालच्या काठावर माणसाला माणूस लागून उभा. दोघांच्या मध्ये थोडी मोकळी जागा दिसली तिथे गेलो, तर एकाने माझ्याकडे न बघताच सांगितलं, 'इथे भरलंय, खाली जा.' जागा होती, काका. तुम्हालाही दिसत होती. मी वळलो, तेवढ्यात तुम्ही काही न बोलता तुमची बादली उचललीत आणि दोन पावलं डावीकडे सरकलात.

मुंबईच्या लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकावर चौथा येऊन उभा राहतो. 'जरा सरकून घ्या' म्हणतो, आणि तिघं सरकतात. चौथ्याचं अर्धं अंग बाहेरच असतं, पण तो बसलेला असतो. मी त्या गाडीने सहा वर्षं प्रवास केलाय. माणूस कसा आहे हे मला त्या सरकण्यावरून कळतं. काही जण सरकल्यासारखं करतात, नुसती कंबर हलवतात. तुम्ही दोन पावलं सरकलात.

आणि त्याची परतफेड मी काय केली? तिसऱ्याच फेकीला सगळ्या रांगेचा विचका. तिथे सगळे एका लयीत फेकतात, एकापाठोपाठ एक, म्हणजे तंगूस समांतर वाहत जातात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मध्येच, आडवं, जोर लावून फेकलं. शिसं भलतंच जड. ते तळाला जाऊन बसलं आणि खाली वाहत येणारे चार जणांचे तंगूस माझ्यात येऊन अडकले. रीळ फिरवलं तर गुंता आणखी घट्ट. मघाच्याच माणसाने एक शिवी दिली. पलीकडचा म्हणाला, 'कापा त्याचं.' माझंच कापणं रास्त होतं, चूक माझी होती. मी खिशात चिमटा शोधत होतो, हात इतके गारठलेले की चेन उघडेना.

तुम्ही तो गुंता हातात घेतलात. गळ्यातल्या दोरीला नखं कापायचं यंत्र लटकवलेलं होतं, ते पुढे केलंत, क्षणभर बघितलंत, आणि टक् करून तंगूस कापलात. तुमचा स्वतःचा.

मला आधी वाटलं, चुकून कापलात. तुमची गरी, सकाळी उजाडायच्या आत बांधलेली, आणि तिच्यावरचा गुलाबी लोकरीचा झुपका, सगळं पाण्याबरोबर गेलं. रांगेतली माणसंही बघायला लागली. तुम्ही म्हणालात ते असं होतं: 'मला गाठ बांधायला दोन मिनिटं लागतात. याला वीस लागतील. मासे आत्ता चालू आहेत.' मग वाकून, थरथरणाऱ्या बोटांनी गाठ बांधायला बसलात. दोन नाही, चांगली दहा मिनिटं लागली तुम्हाला. तेवढ्यात तुमच्या जागेसमोरून दोन मासे दुसऱ्यांना लागले.

मी दीड वर्षात पैसे भरपूर दिले होते, सल्ले भरपूर घेतले होते. पण कोणी माझ्यासाठी स्वतःचं काही कापलं नव्हतं. घरी येताना सेंट्रेलियाच्या पुढे गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं बसलो होतो. का, ते बायकोला अजून नीट सांगता आलेलं नाही.

पुढचं शिकणं तसं साधंच होतं, आणि तेच कोणी शिकवलं नव्हतं. तुम्ही माझी शिशाची कांडी निम्मी कापून टाकलीत. शिसं तळाला टेकून राहायला नको, चालत जायला हवं: टक्... टक्... टक्. मी तोवर नांगर टाकत होतो. मग तो ताठ रॉड माझ्या हातातून काढून घेतलात आणि तुमचा जुना, गाठोडीत पडलेला दिलात. लवलवत्या टोकाचा. पहिल्यांदा नदीचा तळ माझ्या तर्जनीला कळला. इथे वाळू, इथे नारळाएवढे गोटे, इथे खड्डा. आणि मासा लागतो तेव्हा हिसका बसतो हा माझा समज. तुम्ही सांगितलंत, बहुतेक वेळा टक् थांबतं, एवढंच. कोणीतरी बोलता बोलता गप्प व्हावं तसं. थांबलं की उचल.

तिसऱ्या शनिवारी ते थांबलं. मी उचललं आणि रॉड जिवंत झाला. तुम्ही 'फिश ऑन!' ओरडलात आणि सगळ्या रांगेने आपापले तंगूस गुंडाळून मला वाट दिली. हो, त्या शिवी देणाऱ्यानेही. (त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. नियम तो पाळत होता, एवढंच की नियमापलीकडे त्याच्याकडे काही नव्हतं.) मासा काठाशी आला तेव्हा तुम्ही पाण्यात गुडघे टेकून पाठीवरून अंगठा फिरवलात. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, एक छोटासा मांसल पर असतो. हॅचरीच्या माशांचा तो पिल्लू असतानाच कापलेला असतो. याचा शाबूत होता. म्हणजे नदीत जन्मलेला, सोडून द्यायचा. दीड वर्षाने लागलेला पहिला मासा! मी फोटोसाठी उचलायला गेलो, तर माझ्या मनगटावर हात ठेवलात: पाण्याबाहेर नाही. तुम्ही त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलंत, तो सावकाश कल्ले हलवत होता, मग एकदम नव्हताच. माझ्याकडे त्याचा फोटो नाही. आम्ही लहानपणी चढणीचे मासे अंड्यांसकट पोत्याने भरून आणायचो, तेव्हा आम्हाला असं कोणी मनगटाला धरलं नाही.

दुसरा लागला त्यानंतरच्या शनिवारी. पर कापलेला, मादी, आठ-नऊ पौंडांची. पकडलेल्या माशांच्या कार्डावर नोंद करायला तुमचंच पेन घेतलं. पोट चिरलं तर आत केशरी गाबोळीच्या, म्हणजे अंड्यांच्या, दोन लांबलचक पेट्या. तुमचे डोळे चमकले, माझेही. मला वाटलं आपलं एकमत आहे. तुम्ही म्हणालात, किती छान आमिष होईल! आणि मी म्हणालो, रव्यात घोळवून तळली तर! आपण दोघांनी एकमेकांकडे जे बघितलं, त्याहून जास्त धक्का मला अमेरिकेत कशानेच बसलेला नाही. गाबोळी गरीला लावायची? ती खायची? शेवटी एक पेटी तुम्हाला, एक मला.

पुढच्या शनिवारी स्टीलच्या डब्यातून तुमच्यासाठी घेऊन आलो. मीठ, हळद, मसाला, रवा, वर आमसुलाचं पाणी. तुम्ही ओल्या हातांनी, उभ्या उभ्या, पहिला तुकडा संशयाने खाल्लात आणि उरलेले एकामागोमाग एक. मग पाऊस वाढला, माझ्या मुलीचा फोन आला, मी घाईत निघालो. तुम्ही डबा हलवून ओरडलात की धुऊन आणतो.

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत तुम्ही दिसला नाहीत. ऑक्टोबरात कोहोसाठी गेलो तेव्हाही नाही. रांगेत विचारलं, पण नाव सांगता येईना. हिरवी टोपी म्हटलं तर एक जण म्हणाला, मुलीकडे गेलाय वाटतं. दुसरा म्हणाला, नाही, गुडघ्याचं काहीतरी आहे. गुडघाच असू दे.

नोव्हेंबरात माझ्या शेजारी एक मुलगा येऊन उभा राहिला. रॉडवर अजून दुकानाचं लेबल. तिसऱ्या-चौथ्या फेकीला त्याने माझ्यावरून टाकलं. मी आधी मनात एक शिवी दिली, खोटं कशाला सांगू. मग कापलं. माझं.

डबा तुमच्याकडेच आहे. घाई नाही. तो आईचा आहे. 2021 च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं, तेव्हा स्वयंपाकघरातली निम्मी भांडी गेली, त्यातून तो राहिला. झाकणावर तिचं नाव कोरलेलं आहे, भांड्यांच्या दुकानात कोरून देतात तसं, ठिपक्याठिपक्यांचं. तुम्हाला वाटलं असेल नक्षी आहे. ते नाव आहे, काका. भेटलात की वाचून दाखवेन, आणि तेव्हा तुमचंही पुन्हा एकदा विचारून घेईन.

आपला,
यंग मॅन