स्वस्त बेल्ट कोणता, हे विचारलंस म्हणून

नागपूर,
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. सावजी खानावळीच्या मालकानं तुला बारा सुऱ्यांची ऑर्डर दिली, हे वाचून इतका आनंद झाला की मी ते पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. दिवसभर मटण कापणाऱ्या माणसाच्या हातात राहील अशी सुरी आपण घडवायची, याचं मोल मला फार वाटतं. म्हणूनच उत्तर लांबलं आहे, निवांत वाच.

तू लिहिलंस, "सुऱ्या घासायच्या मशीनचे सगळ्यात स्वस्त बेल्ट लोहाओळीत कुठं मिळतात ते पाहून एक गठ्ठा पाठवून दे." लोखंडी सामानाच्या त्या बाजारात मी जाईनच. पण गड्या, तू बेल्टचा भाव विचारून राहिलास अन् मला काळजी आहे ती एका सुरीमागे तुझे किती रुपये घासले जातात याची. समज, साधा बेल्ट २०० रुपयांचा आणि सिरॅमिक दाण्याचा ६०० चा. साध्या बेल्टवर एका सुरीची खरड घासाई, म्हणजे पहिली जाडीभरडी घासाई, झाली की तो गेला, आणि सिरॅमिकवर पाच सुऱ्या निघाल्या. मग सुरीमागे २०० कुठं आणि १२० कुठं! त्यात वीज आणि तुझे खांदे धरलेच नाहीत. दुकानात मात्र ६०० चा आकडा पाहून आपण मागं फिरतो.

पण सरसकट सिरॅमिक घे असंही मी सांगणार नाही. तुझं मशीन काय आहे त्यावर ते ठरतं.

साध्या तपकिरी बेल्टवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा असतो. पोलादावर तो हळूहळू गोल होतो, गुळगुळीत होतो, आणि मग कापायचं सोडून नुसता चोळत बसतो. झिर्कोनियाचा दाणा त्याहून चिवट, दाब मिळाला की तुटून नवी धार काढतो. सिरॅमिक हाही ॲल्युमिनाच, पण भट्टीत वितळवून फोडलेला नाही. रासायनिक पद्धतीनं अतिबारीक स्फटिकांचा बनवलेला असतो, त्यामुळे त्याचे बारीक बारीक कपचे उडतात आणि दाणा शेवटपर्यंत धारदार राहतो. थ्रीएम कंपनीनं हा दाणा १९८१ मध्ये बाजारात आणला. सिलिकॉन कार्बाइडचा काळा बेल्ट कोणी दिला तर पोलादाच्या खरड कामासाठी घेऊ नकोस. दाणा कडक आहे, पण लोखंडाशी त्याचं जमत नाही, लवकर झिजतो. दगड-काचेला तो चांगला.

आता खरी मेख. सिरॅमिकचा दाणा तुटायला जोर लागतो. हळुवार घासलं तर तो तुटत नाही, वरून चकचकीत होतो, आणि ६०० चा बेल्ट २०० वाल्यासारखाच वागतो. तुझी मोटर १ एचपी, १४४० आरपीएम, पुढं ४ इंची चाक. म्हणजे बेल्टचा वेग मिनिटाला साधारण ४६० मीटर, सेकंदाला साडेसात मीटरच्या थोडा वर. खरड कामाला सिरॅमिक सेकंदाला वीस-पंचवीस मीटरवर खुलतो. तुला वाटेल, ६ इंची चाक लावू, वेग दीडपट होईल. होईल, पण मोटरची ताकद तेवढीच, म्हणून बेल्टवर मिळणारा जोर तितकाच कमी होईल, आणि तू दाबलंस की मशीन बसेल. पुढं कधी पैसे जमले तर २ एचपीची थ्री फेज मोटर आणि घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा, घे. मग खरड कामाला वेग वाढवता येतो, बारीक नंबरला कमी करता येतो.

तोवर काय? तोवर टेकणारी जागा लहान कर. जोर तेवढाच, पण जागा निम्मी झाली की दाण्यावरचा दाब दुप्पट. प्लेटनवर, म्हणजे बेल्टमागच्या सपाट आधारपट्टीवर, अख्खं पातं टेकवून घासायला सुरुवात करू नकोस. आधी धारेच्या बाजूनं उभट कोनात, ४५ अंशांच्या आसपास, कडा मारून घे, मग तो उतार हळूहळू वर पाठीकडे झोपवत ने. प्रत्येक फेरीत बेल्टखाली अरुंद पट्टीच येते आणि १ एचपीवरही सिरॅमिक कापतो. कॉन्टॅक्ट व्हीलवर, म्हणजे बेल्टमागच्या गोल चाकावर, तर जागा आणखीच कमी. याचा दुसरा फायदा असा की सुरीच्या आकारात नुसत्या कापलेल्या पट्टीची कोरी, टोकदार कड नव्या बेल्टचे दाणे ओरबाडून काढते. ती कड पहिल्यांदा जुन्या, टाकाऊ बेल्टवरच मोड. नवा कोरा बेल्ट थेट अशा कडेवर लावलेला मला बघवत नाही.

बेल्टपेक्षाही मोठा खर्च कुठं आहे सांगू? तुझ्या पोलादाच्या जाडीत. ५ मिमी जाड, ४० मिमी रुंद आणि २०० मिमी लांब पट्टीचं वजन ३१४ ग्रॅमच्या आसपास भरतं. पाठीपासून धारेपर्यंत पूर्ण उतार देऊन धारेशी अर्धा मिमी ठेवायचं तर त्यातले जवळजवळ १४० ग्रॅम तू धूळ करून टाकतोस. तीच पट्टी ३ मिमीची असती तर ८० ग्रॅमच्या आतच भागलं असतं. त्या खानावळीतल्या मटणाच्या सुरीला ३ मिमी पाठ पुष्कळ झाली. हाडं तोडायला त्यांच्याकडे वेगळा सत्तूर असणारच. तू वाडीच्या ट्रक गॅरेजमधून कमानीचे पाटे आणून राहिलास, ते एक सेंटिमीटरच्या घरातले. पाटा उत्तमच, स्प्रिंगचं पोलाद धार छान धरतं, पण तो बेल्टवर घासून पातळ करणं म्हणजे पैशांचीच धूळ. लोहाराकडून तापवून ४ मिमीवर आणून घे, किंवा या ऑर्डरपुरती पातळ पट्टीच विकत घे. विकतच्या पट्टीचे जास्तीचे पैसे बेल्टमधून परत मिळतील, याची मला खात्री आहे.

लोहाराकडून आणलंस तर वरची काळी खपली बेल्टला लावू नकोस. ती काचेसारखी कडक असते, दाण्याचं तोंड मोडते. रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, सकाळी तारेच्या ब्रशनं घास, बरीचशी निघून येते. उरलेली हँड ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कनं काढ.

आता दाण्याचे नंबर, आकडा मोठा तितका दाणा बारीक. सगळे नंबर घ्यायची गरज नाही. ३६ चा सिरॅमिक खरड कामाला, आणि पाणी पाजल्यानंतरच्या, म्हणजे पातं तापवून विझवून कडक केल्यानंतरच्या, कामाला ६० किंवा १२० चा सिरॅमिक. पैसे इथंच टाक. त्यापुढं २२० आणि लागला तर ४०० साधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा घे, तोही जे-वजनाच्या लवचिक कापडाचा. बारीक नंबरवर दाण्याचं काम आधीच्या रेघा पुसण्याइतकंच असतं, तिथं महाग दाणा वाया जातो. लवचिक कापडामुळे मुठीजवळचा वळणाचा भागही नीट बसतो. खरड कामाला मात्र एक्स किंवा वाय वजनाचं ताठ कापडच माग, नाहीतर कडेनं बेल्ट फाटतो. २२० नंतर मी मशीन बंद करतो आणि वॉटर पेपर हातात घेतो, ४०० आणि मग ६००, साबणाच्या पाण्यावर. कष्ट आहेत, पण वॉटर पेपर अगदी कमी पैशांत येतो आणि हाताची लांब सरळ रेघ सुरीवर फार देखणी दिसते. प्रत्येक नंबरला घासायची दिशा थोडी तिरपी बदल, म्हणजे मागच्या नंबरची एकही रेघ लपून राहत नाही.

नंबराआधी 'पी' आहे की नाही तेही बघ, ती दोन वेगळी मापं आहेत. २२० पर्यंत फारसा फरक पडत नाही. पण नुसता ४०० हा पी-४०० पेक्षा बराच बारीक, पी-८०० च्या जवळ जाणारा असतो. दोन कंपन्यांचे मिसळून घेतलेस तर रेघा का जात नाहीत, हे कळणारच नाही.

बोथट बेल्ट ओढत राहायचा मोह टाळ. ठिणग्या कमी झाल्या, आवाज बदलला, पातं हातात चटकन तापायला लागलं की त्याला खरड कामातून काढ. हे मी कळकळीनं सांगतो, कारण यात बेल्टचे नाही, सुरीचे पैसे जातात. पाणी पाजून २०० अंशांच्या आसपास टेम्पर केलेल्या, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून परत तापवलेल्या, पात्याची बारीक धार बोथट बेल्टवर क्षणात निळी पडते, म्हणजे तिथलं पोलाद ३०० अंशांच्या घरात गेलं. तो निळा रंग पुढच्या फेरीत घासून निघतो, पण नरमपणा आतच राहतो. खानावळीत चार दिवसांत धार बोथट होईल आणि नाव तुझं जाईल. पाणी पाजल्यावर हातमोजे काढूनच घास, प्रत्येक फेरीला पातं पाण्यात बुडव, आणि बोटांना चटका बसला की थांब. तोंडाला मास्क कायम असू दे, ती धूळ वाईट.

निवृत्त केलेला बेल्ट फेकू नकोस. सिरॅमिक चकचकीत झाला असेल तर जुन्या कानशीची कड चालत्या बेल्टवर जोरात टेकव, काही दाणे फुटून थोडा जीव येतो. तेही झालं की कडा मोडायला ठेव. लाकडी मुठीला मात्र वेगळे बेल्ट ठेव. लाकडाच्या भुशानं आणि तेलानं दाणे बुजतात, ते क्रेप रबरच्या ठोकळ्यानं साफ होतात. आणि मुठी घासायच्या आधी मशीनखालचा लोखंडी चुरा झाडून घे, भुशात ठिणगी पडली तर धुमसत राहते.

गठ्ठ्याबद्दल. मोठा गठ्ठा घेऊ नकोस, भाव कितीही पडो. आपल्या इथं सध्या ४५ अंश आहे, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. अशा उन्हात बेल्टची दोन टोकं जोडणारी टेप सुकते आणि बेल्ट चालत्या मशीनवर फाटकन सुटतो. कूलरच्या झोतासमोरही ठेवू नकोस, ओलाव्यानं तो वळतो आणि ताणतो. घरात, आतल्या खोलीत ठेव. खिळ्याला अडकवू नकोस, घडी पडते. चांगल्या जाड पाइपावर टांग. जोड घेतानाच बोटानं चाचप. जाड जोड प्लेटनवर टकटक वाजतो आणि पात्यावर खुणा सोडतो. बेल्टच्या पाठीवर बाण असेल तर त्याच दिशेनं चढव.

साइज ५० बाय १८३०. लोहाओळीत तयार नसेल तर मोठ्या रोलमधून कापून जोडून देणाऱ्यांना सांगता येतं. मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ३६ चे सिरॅमिक एक एक पाठवतो. तू असं कर, पाट्याचा एक तुकडा किचनच्या वजनकाट्यावर मोज, बेल्ट थकेपर्यंत घास, परत मोज. एका रुपयात किती ग्रॅम निघाले ते लिही. तुझ्या मशीनवर जो जास्त ग्रॅम देईल त्याचीच पुढची ऑर्डर देऊ. माझ्या मशीनवरचा आकडा तुझ्या काही कामाचा नाही.

त्याआधी मोटरच्या पाटीचा फोटो पाठव, आणि प्लेटनची लांबीही. खानावळवाल्याला सुरीची मूठ केवढी हवी, त्याचा हात केवढा आहे, तेही विचारून घे. सागाचे काही तुकडे माझ्याकडे पडून आहेत, बेल्टच्या पार्सलातच घालून देतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नागपूरचा दोस्त